आधी गा, मग गज उचल

व्हायोलिन शिकायला लागले तेव्हा वाजवण्यापेक्षा गाणंच जास्त झालं. बंदिश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, गळ्यातून नीट निघेपर्यंत माझ्या गुरू, ताई, गजाला (व्हायोलिन वाजवायच्या केसांच्या काठीला) हात लावू देत नसत. मी मिरजेची. सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून रोजचं जाणं-येणं, पण व्हायोलिनसाठी सांगलीला ताईंकडे जावं लागे.

या वाद्याला सतारीसारखे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत. बोट केसभर अलीकडे पडलं तरी तंबोऱ्याशी लगेच बिनसतं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, दुसरं टोक डाव्या खांद्याजवळ छातीला. मग डाव्या हाताला वाद्य पेलावं लागत नाही, तो तारेवर मोकळा घसरतो. सगळी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, या मोकळेपणावर उभी. बोटांना खोबरेल तेलाचा पुसट हात आणि गजाला रोझिन (राळ). तेल गजाच्या केसांना लागता कामा नये, लागलं की आवाजच धरत नाही.

खरी मेहनत उजव्या हाताची. ताई वहीत बंदिशीच्या अक्षरांवर खुणा करायच्या, कुठे गज पलटायचा, कुठे ओढतच न्यायचा. अक्षर बदललं की गज बदलायचा, ‘आ’ लांबवत गायचा आकार मात्र एका गजात. व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांचं ध्वनिमुद्रण लावून त्या विचारत, ‘‘आत्ता श्वास कुठे घेतला, सांग बघू.’’ गजाननबुवा जोशी तर गायकही आणि व्हायोलिनवादकही. व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांनी गायक पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांची गायकी तारेवर आणली. वाईचे पं. वि. गो. जोग यांच्या व्हायोलिनमधली लयकारी, म्हणजे लयीशी खेळणं, मला फार आवडते, पण माझा ओढा गायकी अंगाकडेच, म्हणजे गाण्यासारखं वाजवण्याकडेच राहिला.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद झाले. या परीक्षांनी शिस्त लावली, रागांची संख्या वाढवली. मैफलीची तयारी मात्र साथीला बसून झाली. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत गायकाच्या अर्धा श्वास मागे राहायचं, तो थांबला की ती जागा भरायची आणि त्याने तोंड उघडायच्या आत बाजूला व्हायचं. सोलोची घाई करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, आधी भरपूर साथ करा. दुसऱ्याचं गाणं इतक्या जवळून ऐकायला दुसरीकडे कुठे मिळणार?

पहिलं स्वतंत्र वादन मिरजेच्या दर्ग्यात झालं. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होते. कलाकार तिथे बिदागीसाठी नाही, हजेरी लावायला येतात. मोठमोठ्यांनी जिथे सेवा केली तिथे आपण यमन राग मांडायचा, या विचारानेच हात गार पडले होते. विलंबित एकतालाची पहिली सम (तालाची पहिली मात्रा) नेमकी आली आणि मग सुरांखेरीज काही सुचलंच नाही.

त्यानंतर आकाशवाणीची कलाकारांसाठीची ऑडिशन. समोर श्रोते नाहीत, मान डोलावणारं कुणी नाही, फक्त मायक्रोफोन. आपण दिलेल्या यादीतला कुठलाही राग विचारतात आणि मोजक्या मिनिटांत तो उभा करावा लागतो. घरी दारं बंद करून, घड्याळ लावून हाच सराव केला होता. आलाप कमी केला तरी रागाचा चेहरा पहिल्या दोन-तीन गजांतच दिसला पाहिजे, यावर ताईंचा सगळा भर. आकाशवाणीची कलाकार म्हणून ‘बी’ श्रेणी मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा पहिला फोन ताईंनाच केला. त्या मनापासून आनंदल्या आणि म्हणाल्या, ‘‘उद्या ये, तोडी रागाची नवी बंदिश देते. वही आण, व्हायोलिन राहू दे.’’