कोळशाच्या जहाजात मँगनीज

डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या खाणीतून तुमसरकडे निघालेला मँगनीजचा ट्रक पाहा. डाला अर्ध्याहून जास्त रिकामा आणि पाटे मात्र पुरते दबलेले. वणी-घुग्घुसकडे कोळशाचा ट्रक नेमका उलटा: डाला काठोकाठ, वर ताडपत्री. १९१८ मध्ये बेपत्ता झालेल्या 'सायक्लॉप्स' या अमेरिकी नौदलाच्या जहाजाबद्दल भुताखेतांच्या आणि बर्म्युडा त्रिकोणाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. मला वाटतं, आधी हे दोन डाले पाहावेत.

सायक्लॉप्स १९१० साली फिलाडेल्फियात पाण्यात उतरलं. लांबी ५४२ फूट, रुंदी ६५ फूट, वाफेची दोन इंजिनं, जहाज पुढे ढकलणारे दोन पंखे, वेग १५ नॉट. युद्धनौकांना कोळसा पोचवायचा, हे त्याचं काम. डेकवर उंच खांबांची रांग, त्यांवरून खाली सोडलेले लोखंडी पंजे कोळसा उपसत. प्रोटियस, नेरियस, ओरायन, जेसन, ज्युपिटर ही सगळी याच घडणीची. (ज्युपिटरचं पुढे १९२२ मध्ये 'लँगली' हे अमेरिकेचं पहिलं विमानवाहू जहाज झालं.)

फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्राझीलहून बाल्टिमोरला निघताना सायक्लॉप्समध्ये सुमारे १०,८०० टन मँगनीज होतं. एक घनमीटर कोळसा साधारण पाऊण ते पाऊणेपेक्षा थोडा जास्त टन भरतो, मँगनीजचा दगड दोन-अडीच टन. म्हणजे एवढ्या वजनाच्या कोळशाला तेरा-चौदा हजार घनमीटर जागा लागली असती. मँगनीज चार-पाच हजारांत मावतं. बाकीचा गाळा, म्हणजे माल भरायचा कप्पा, रिकामा.

घोटाळा इथेच होतो. सगळं वजन तळाशी बसलं की जहाज जास्तच 'ताठ' होतं: लाटेनं कललं की झटक्यात सरळ होतं, पुन्हा कलतं, पुन्हा झटका. प्रत्येक झटका खांबांना, इंजिनाच्या पायाला, सांध्यांना बसतो. दुसरी गोष्ट गाळ्यांची. माल मधल्या गाळ्यांत जास्त पडला, तर लाटेच्या खळग्यात जहाज मध्ये झोल खातं. टोकांना जास्त पडला, तर लाटेच्या माथ्यावर पाठ वर येते. म्हणून जड खनिज सगळ्या गाळ्यांत हिशोबानं वाटावं लागतं, भरतानाही आळीपाळीनं, एक गाळा पूर्ण करून दुसऱ्याला हात घालायचा नाही. ढीग फावड्यांनी सपाट करावा लागतो, नाहीतर तो एका कुशीला सरकतो. बारीक चुरा ओला असेल तर आणखी वाईट. हादऱ्यांनी त्याचा चिखल होतो आणि तो पाण्यासारखा वाहू लागतो.

त्यात उजवं इंजिन सिलिंडर तडकल्यानं बंद होतं. एकाच पंख्यावर चालणाऱ्या जहाजाला खवळलेल्या समुद्रात तोंड लाटेकडे धरून ठेवणं कठीण जातं. ४ मार्चला वाटेतलं बार्बाडोस बेट सोडलं, १३ मार्चला बाल्टिमोरला पोचायचं होतं. पोचलं नाही. ३०६ माणसं गेली, सांगाडाही अजून मिळालेला नाही.

पुढे अमेरिकी नौदलातल्या रिअर अॅडमिरल व्हॅन ड्यूर्स यांनी या जहाजांच्या बांधणीवर बोट ठेवलं. पुढून मागेपर्यंत जाणाऱ्या आय-तुळया (इंग्रजी I आकाराच्या लोखंडी तुळया) मालामुळे गंजून झिजत. जेसनवर ते प्रत्यक्ष दिसलं होतं. गंधक असलेला कोळसा ओला झाला की आम्ल सुटतं, आणि हे पाणी तळाशी साचून राहतं. वरून रंग नवा, आत लोखंड पातळ. अशी तुळई रंग पाहून कळत नाही. पोपडे खरवडून, हातोडीनं ठोकून, उरलेली जाडी मोजूनच कळते.

प्रोटियस आणि नेरियस बरीच वर्षं बंद उभी होती. १९४१ मध्ये ती मालवाहतुकीला विकली गेली. नोव्हेंबरअखेर प्रोटियस आणि डिसेंबरमध्ये नेरियस, दोन्ही व्हर्जिन बेटांवरून बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) भरून निघाली. बॉक्साइट मँगनीजइतकं जड नसतं, पण कोळशाहून जड, आणि अटलांटिकमध्ये हिवाळा. दोन्हींचा पत्ता लागला नाही.