निर्यातबंदीचा शुक्रवार

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला एका कांदा निर्यातदाराकडे मी कागदपत्रांचं काम बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला रोगकीड नसल्याचा दाखला), शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), बँकेत जाणारे कागद, सगळं माझ्याच टेबलावरून पुढे जातं. ७ डिसेंबर २०२३ ला रात्री उशिरा विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडली. कांदा निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद, आणि तीही लगेच लागू.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला पोचले तर शेठ खळ्यावरच उभे. कांदा निवडणाऱ्या बायका गोण्यांशेजारी नुसत्याच बसलेल्या. मला बघताच शेठ म्हणाले, "ताई, बाकीचं राहू द्या. आधी कोणती गाडी कुठं आहे ते सांगा."

बांगलादेशच्या आमच्या सात गाड्या रस्त्यात होत्या. पिंपळगावहून पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा सीमेपर्यंत जायला चार-पाच दिवस लागतात. पलीकडे लगेच भोमरा, सातखिरा जिल्हा. एकेका ड्रायव्हरला फोन लावत गेले. दोन गाड्यांचा माल आदल्या दिवशीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता. चार गाड्या ओडिशात, संबलपूरच्या आसपास. आणि सातवी बशीरहाटच्या पुढे, सीमेच्या रांगेत. ड्रायव्हर सांगत होता, "मॅडम, गेट इथनं दिसतंय."

अधिसूचनेतली सूट मी पुन्हा पुन्हा वाचून काढली. जहाजात भरायला सुरुवात झालेला माल जाईल. शिपिंग बिल भरलेलं असून जहाज बंदरात आलेलं असेल तर जाईल. अधिसूचनेच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला आणि त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदलेला माल जाईल. रस्त्यावरच्या मालाचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणजे दोन गाड्या सुटल्या, चार अडकल्या, आणि गेट दिसणारी सातवीही अडकली. सीमेवरच्या आमच्या एजंटाने दिवसभर धावपळ केली, पण नोंद नाही म्हणजे नाही.

दहाच्या सुमारास सातखिऱ्याच्या आयातदाराचा फोन आला. आमचा जुना गिऱ्हाईक. मोडक्या हिंदीत त्याने एवढंच विचारलं, "दीदी, हमारा गाड़ी पार होगा?" मी खरं ते सांगितलं. त्यावर तो बराच वेळ बोलत राहिला, आणि ते सगळं बोलणं एलसीबद्दल होतं, म्हणजे मालाचे पैसे देण्याची हमी देणाऱ्या त्याच्या बँकेच्या पत्राबद्दल. बांगलादेशात तेव्हा डॉलरची तीव्र टंचाई होती. त्याच वर्षी जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्यांना ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. बँका एलसी उघडायला तयार नसत, आणि उघडल्याच तर आयातदाराकडून आधी मोठी रक्कम अडकवून घेत. हा माणूस महिनाभर बँकेच्या पायऱ्या झिजवून एलसी मिळवून बसला होता. भारताने ऑगस्टमध्ये लावलेलं ४० टक्के निर्यातशुल्क त्याने पचवलं होतं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल पाठवता येईना, तेही पचवलं होतं. आता कांदाच येणार नव्हता आणि पैसे बँकेत अडकून पडले होते. आमचं नुकसान मी कागदावर मांडू शकत होते. त्याचं ऐकताना माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

दुपारी बातम्या येत गेल्या. लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. आमच्याच ऑफिसच्या दारात दोन शेतकरी येऊन उभे राहिले. त्यातल्या एकाने विचारलं, "ताई, सोमवारी तरी लिलाव व्हईल का? काढून ठेवलाय." शहरातल्या लोकांना ही गोष्ट सांगावीच लागते. डिसेंबरचा लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे बंदी डिसेंबरात आली की शेतकऱ्याला थांबायची सोयच उरत नाही. महिना संपायच्या आत भाव निम्म्याच्याही खाली गेले.

पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल लागून चार दिवस झाले होते आणि पुढे लोकसभा होती. १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार घालवलं, ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही. शहरी ग्राहकाचं मत जपायचं तर भाव पाडायचा, आणि भाव पाडायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सीमा बंद करणं. पण पलीकडेही माणसंच राहतात. तिथेही ७ जानेवारीला निवडणूक होती. दोन दिवसांत ढाक्यात कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला आणि तिथलं सरकार दुकानदारांवर धाडी घालू लागलं. आपली महागाई आपण निर्यात केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

अधिसूचनेतलं एक वाक्य मला त्या दिवशी सर्वांत जास्त खुपलं. दुसऱ्या देशाच्या सरकारने विनंती केली तर केंद्र सरकार परवानगी देऊ शकेल. म्हणजे निफाडचा शेतकरी आणि सातखिऱ्याचा व्यापारी यांच्यातला व्यवहार थेट दोन सरकारांच्या टेबलावर गेला. पुढे झालंही तसंच. मार्चमध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातींना १४,४०० टन मंजूर झाले, तेही नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या एकाच संस्थेमार्फत. एप्रिलमध्ये मालदीवला ३५ हजार टनांहून जास्त कांद्याचा कोटा मिळाला, तेव्हा तिथलं नवं सरकार भारतीय सैनिकांना परत पाठवत होतं. मालदीवच्या लोकांना कांदा मिळाला याचा मला आनंदच आहे. पण शेजाऱ्याच्या ताटातला कांदा मर्जीवर मिळायला लागला की तो शेजारी दुसरं दार शोधणारच. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन, स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगितल्याचं हसत हसत बोलल्या होत्या. २०२० मध्ये पुन्हा अचानक बंदी आली, तेव्हा ढाक्याने लेखी नाराजी कळवली. आपल्याकडे कुणी त्यातून काही घेतलं असं दिसलं नाही.

संध्याकाळी शेठनी निर्णय घेतला आणि अडकलेल्या पाचही गाड्या कोलकात्याच्या पोस्ता या घाऊक बाजाराकडे वळवायला सांगितल्या. सगळ्यांचेच कांदे तिकडे वळलेले, त्यामुळे भाव काय मिळणार ते ठरलेलंच होतं. भाडं जाऊन हातात फारसं काही उरलं नाही. सीमेच्या रांगेतली गाडी मागे वळवताना ड्रायव्हर म्हणाला, रस्ता अरुंद आहे, पुढची हलल्याशिवाय वळता येत नाही. ती रात्री उशिरा निघाली.

३१ मार्चला संपायची ती बंदी अखेर ४ मे २०२४ ला उठली. टनाला किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ही अट मात्र तेव्हा राहिली. मी लगेच सातखिऱ्याला फोन लावला. तो आनंदाने बोलला, घरच्यांची चौकशी केली. पण पूर्वी तो एकदम मोठी एलसी उघडायचा, आता फक्त दोन गाड्यांची उघडतो म्हणाला. त्या भोमऱ्यात उतरल्यावर पुढच्या दोन. उरलेला माल त्याने पाकिस्तान आणि इजिप्तकडून मागवला होता.