संक्रांत, इतवारीतलं छत आणि समोरच्या पोलवरचा माणूस

आमचं काम व्हीसॅटचं, म्हणजे छोट्या डिशनं सॅटेलाईटवरून लाईन द्यायची. बँकांचे एटीएम, पेट्रोल पंप, खाणीवरची ऑफिसं, जिथं केबल पोचत नाही किंवा पोचूनही रोज तुटते तिथं छतावर डिश लावायची, सॅटेलाईटकडे रोखायची, खाली मोडेमचा लाईट हिरवा झाला की सही घेऊन निघायचं. नागपुरात बसून गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतच्या साईट्स बघतो. आमच्या टीममध्ये एक रिटायर्ड सुभेदार साहेब आहेत, आर्मीच्या सिग्नल्समधले, जबलपूरला ट्रेनिंग झालेलं आणि नंतरची बरीच वर्षं वर बर्फात गेलेली. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्या दिवशी ते सोबत नसते तर माझ्यासाठी ती एक साधी कम्प्लेंट होती, अटेंड करून विसरून गेलो असतो.

काही वर्षांपूर्वीची संक्रांत. नागपूरची संक्रांत ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको, सकाळपासून छतावर पोट्टे, चक्र्या, डीजेचे बॉक्स आणि गल्लीभर ओ काट. ऑफिसमध्ये आम्ही दोघंच स्टँडबाय. अकराच्या सुमाराला हबवरून, म्हणजे आमच्या सगळ्या साईट्स जिथं जोडलेल्या त्या मुख्य केंद्रावरून, फोन आला की तुमच्या नागपूर साईडची एक डिश क्रॉस-पोलमध्ये लीक करतेय, साईट सापडलीय, टीएक्स म्हणजे वर पाठवणं बंद केलंय, ताबडतोब पोचा. साईट कोणती तर इतवारीतलं एक एटीएम.

आता हे क्रॉस-पोल काय ते सांगतो कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. सॅटेलाईटवर जागा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून एकच फ्रिक्वेन्सी दोनदा वापरतात, एक जण लहर उभी पाठवतो, दुसरा आडवी. या उभ्या-आडव्याला पोल म्हणतात, पोलरायझेशन. खिडकीच्या उभ्या गजांमधून फूटपट्टी उभी धरली तर आत जाते आणि आडवी धरली तर अडते ना, तसं. तुमच्या डिशचा फीड, म्हणजे डिशसमोरचं लहर सोडणारं तोंड, बरोबर कोनात असेल तर समोरच्याला तुम्ही दिसतही नाही. फीड थोडा फिरला की तुमचा थोडा हिस्सा समोरच्याच्या खोलीत शिरतो.

आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे ज्याचा फीड फिरलाय त्याला काहीच कळत नाही! त्याचा स्वतःचा सिग्नल दोन टक्केही कमी होत नाही. इतवारीचं ते एटीएम सकाळपासून धडाधड नोटा देत होतं, बँकेची एक कम्प्लेंट नाही, आमच्या स्क्रीनवर साईट हिरवीगार. पाऊस नव्हता, आणि मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास सूर्य सॅटेलाईटच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं सगळ्यांच्याच डिश आंधळ्या होतात तो सीझनही नव्हता. हबवाल्यांना शोधायला वेळ लागला कारण आमच्या सगळ्या साईट्स एकाच कॅरियरवर, म्हणजे एकाच लहरीवर, पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला काही मिलिसेकंद, त्यामुळे वरून बघणाऱ्याला गडबड दिसते पण कोण करतोय ते दिसत नाही. एकेक साईट म्यूट करत गेले आणि इतवारी म्यूट केल्याबरोबर समोरचं पोल साफ झालं.

लाईनवर मॉनिटरिंग सेंटरच्या, म्हणजे सॅटेलाईटवर कोण काय पाठवतोय ते बघणाऱ्यांच्या, एक मॅडम होत्या. मी सवयीनं विचारलं, मॅडम समोर कोण आहे? एरवी सरळ सांगतात, अमुक टीव्ही चॅनल, तमुक कंपनी. त्या म्हणाल्या, प्रायॉरिटी युजर आहे, नाव विचारू नका, आणि टेस्ट पास झाल्याशिवाय मी तुमचा टीएक्स उघडू देणार नाही. फोन स्पीकरवर होता. सुभेदार साहेबांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि टूलकिट उचललं. बाहेर पडताना फक्त एवढं म्हणाले, मफलर गुंडाळ गळ्याला, मांजा आहे रस्त्यावर.

इतवारीतली ती तीन मजली बिल्डिंग, छतावर पंधरा-वीस पोट्टे, कोपऱ्यात आमची १.२ मीटरची डिश. पोट्ट्यांनी सावलीसाठी हिरवी नेट बांधलेली, आणि तिची एक दोरी आमच्या बीयूसीच्या डब्याला गुंडाळलेली. बीयूसी म्हणजे डिशच्या समोर दांड्यावर जो जाड पात्यांचा डबा असतो, वर पाठवणारा तोच. वारा आला की नेट फुगायची, दोरी ताणली जायची आणि डबा फीडसकट क्लॅम्पमध्ये हळूहळू फिरत होता. डिश मात्र जागची हलली नव्हती, तिचा बेस काँक्रीटचा. नागपूरहून आमच्या सॅटेलाईटसाठी फीडचा तिरकसपणा जवळपास १० अंश लागतो, स्केलवर दिसत होते १७-१८. सात-आठ अंश म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण हिशोब केला तर आयसोलेशन (समोरच्या पोलमध्ये किती कमी शिरतो त्याचं माप, जास्त तितकं चांगलं) ३० डीबीच्या वर पाहिजे ते १८ च्या आसपास येतं, म्हणजे हजाराव्या हिश्शाऐवजी जवळपास साठावा हिस्सा समोर जातोय.

मला वाटलं आता साहेब पोट्ट्यांना फाडून खाणार. पण नाही. म्हणाले, बेटा कोणी बांधली ही दोरी, सोड, मी दुसरीकडे बांधून देतो. आणि स्वतः पाण्याच्या टाकीच्या पाईपला अशी गाठ मारून दिली की ती नेट तुफानातही हलली नसती. मग पोट्टेच विचारायला लागले, काका हे काय आहे, काहून बंद पडलं, खाली लोक बोंबलून राहिले.

टेस्टसाठी आमच्या आधी दुसरी साईट लाईनमध्ये होती म्हणून मॅडमनी थांबायला सांगितलं. खाली एटीएमसमोर लोक, बँकेचे फोनवर फोन, आणि वर आम्ही टाकीच्या सावलीत बसलेलो. मी म्हटलं साहेब, साठावा हिस्सा तर साठावा हिस्सा, आपल्या दोन वॅटच्या डब्याचा साठावा हिस्सा कोणाचं काय बिघडवणार?

तेव्हा ते बोलले. एवढं सलग बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणाले, समोर कोण आहे मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पण तू विचार कर की समोर वर बर्फातली एखादी पोस्ट आहे, जवानांची चौकी. तिथं तुझ्यासारखी काँक्रीटवर बसवलेली डिश नसते, घडी घालून पेटीत बसणारी छोटी असते, माणसं पाठीवर नेतात. बॅटरी थंडीत अर्ध्यावर येते म्हणून पॉवर जपून वापरायची. सॅटेलाईट ३५,७८६ किलोमीटरवर, तिथं त्या पोस्टचा कॅरियर पोचतो तो नॉईजच्या, म्हणजे नुसत्या खरखरीच्या, जरासा वर, बस. त्याच्या डोक्यावर तुझा साठावा हिस्सा येऊन बसला की त्याचा आवाज गेला. आणि तो काही खाली उतरून छतावर चढून बघू शकत नाही की कुणाची दोरी अडकलीय.

पुढे म्हणाले, नागपूरला आपण डिश जवळपास ६५ अंश वर करतो, आकाश मोकळं, कुठंही लावा. लेहला तीच ५० अंशांवर येते. आणि सॅटेलाईट असतो कायम दक्षिणेला, विषुववृत्तावर, त्यामुळे अरुंद दरीत दक्षिणेकडे डोंगर उभा असेल तर सॅटेलाईट दिसतच नाही, मग डिशसाठी पोस्टपासून लांब जागा शोधायची, केबल ओढायची. रात्रभर बर्फ पडला की डिशच्या वाटीत भरतो, सकाळी कुणीतरी जाऊन झाडून काढायचा. मग लाईन येते.

आणि लाईन आली की काय होतं ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. वर पोस्टांवर सॅटेलाईट फोन असायचा, जवानांना घरी बोलायला. त्यांच्या वेळी ५ रुपये मिनिट होतं, २०१७ च्या दिवाळीत सरकारने ते १ रुपया केलं आणि महिन्याचा चार्जही काढला, तोवर साहेब रिटायर झाले होते पण ती बातमी त्यांना तारखेसकट पाठ आहे. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे तुम्ही विचारलं आणि उत्तर आलं यात अर्धा सेकंद. घरच्यांना हे माहीत नसतं. बायकोला वाटतं हा गप्प का झाला, ती पुन्हा बोलते, तेवढ्यात याचं उत्तर पोचतं, दोघांचे शब्द एकमेकांवर चढतात, मिनिटं संपतात. म्हणून नवीन पोरगा वर आला की साहेब त्याला आधी शिकवायचे, बोलून झालं की थांब, मनात दोन मोज, आणि घरच्यांनाही पहिल्याच फोनवर हेच सांग.

मी विचारलं मग मिलिटरीचे स्वतःचे सॅटेलाईट असतात ना? असतात. नौदलाचा जीसॅट-७ ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेंच गयानाहून एरियन रॉकेटने गेला, पुढच्याच वर्षीच्या सरावात त्यावर जवळपास ६० जहाजं आणि ७५ विमानं जोडली होती. समुद्रात मधे टॉवर नाही, रेडिओची सरळ रेष क्षितिजाला संपते, तिथं हाच आधार. हवाई दलासाठी जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. आर्मीच्या जीसॅट-७बी चा करार मात्र मार्च २०२३ चा. पण मोठ्या फौजाही फक्त स्वतःच्या सॅटेलाईटवर भागवत नाहीत, भाड्याच्या ट्रान्सपॉन्डरवरही बरंच काम चालतं. आणि साधा ट्रान्सपॉन्डर काही ओळखत नाही, खालून जे येईल ते मोठं करून परत खाली फेकतो, जवानाचा फोन असो, एटीएमचा पिन असो की शत्रूचा जॅमर. मजकूर एन्क्रिप्टेड असतो, कुणी ऐकू शकत नाही, पण बुजवता येतो. आज दोरीनं चुकून झालं तेच कुणी मुद्दाम मोठ्या डिशने करतो. त्यासाठी मग फ्रिक्वेन्सी सेकंदाला शेकडो उड्या मारत बदलायची, सिग्नल नॉईजमध्ये पसरवून टाकायचा, असे उपाय. ते सगळं महाग, आणि प्रत्येक पोस्टवर प्रत्येक वेळी नसतं.

तेवढ्यात मॅडम लाईनवर आल्या.

टेस्टमध्ये आपण मॉड्युलेशन नसलेला, म्हणजे मजकूर न भरलेला, साधा कॅरियर वर पाठवतो आणि त्या तिकडून दोन्ही पोलवर बघत राहतात. साहेबांचा हात फीडवर, माझा फोन कानाला. डीजे एवढा की काही ऐकू येईना, साहेबांनी नुसतं वळून बघितलं तर पोट्ट्यांनी बॉक्सच बंद केला. मॅडम आकडे सांगत होत्या. १९. अजून फिरवा. २३. २७. हळू, हळू. ३१. ३४. मग ३२, पुढे गेलात, मागे या. साहेब फीड फिरवत नव्हते, तळहाताने नुसतं ढकलल्यासारखं करत होते. ३४ वर थांबले आणि नट कसायला घेतला, आणि जे नेहमी होतं ते झालं, नटासोबत फीड केसभर फिरला, मॅडम म्हणाल्या २८. पुन्हा ढिला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने डबा उलट्या बाजूला दाबून धरला आणि दोन्ही नट आलटून पालटून पाव-पाव आटा कसले. ३३ वर लॉक. मॅडम म्हणाल्या पास. मग जरा थांबून म्हणाल्या, समोरच्याकडूनही ओके आलंय, थँक यू. टेस्ट पास झाल्यावर थँक यू म्हणणारं मॉनिटरिंग मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

साहेबांनी खिशातून पेंट मार्कर काढून क्लॅम्प आणि फीडवर मिळून एक पिवळी रेघ मारली, फिरला तर लगेच दिसावा म्हणून. खाली लाईट हिरवा, एटीएम सुरू, पोट्ट्यांनी आम्हाला तिळाचे लाडू दिले आणि डीजे पुन्हा चालू.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. ब्राझीलमध्ये ट्रकवाले आणि जंगलातले लोक रेडिओत थोडे बदल करून अमेरिकन नेव्हीच्या जुन्या फ्लीटसॅटकॉम सॅटेलाईटवर वर्षानुवर्षं गप्पा मारत होते, २००९ मध्ये तिथल्या पोलिसांनी धाडी घालून लोकांना पकडलं. उलटंही झालंय. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच पहाटे केए-सॅट या व्यावसायिक सॅटेलाईटच्या नेटवर्कवर सायबर हल्ला झाला, युक्रेनी फौजही ते वापरत होती. हजारो मोडेम मेले, आणि जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं रिमोट मॉनिटरिंग बंद पडलं. कुठं युक्रेन आणि कुठं जर्मनीतली पवनचक्की. हे वाचताना मला सारखं इतवारीचं छत आठवत होतं, कारण खाली आपण छावणी आणि बाजार वेगळे ठेवतो, कामठी वेगळी आणि इतवारी वेगळी, पण वर सगळे एकाच ट्रान्सपॉन्डरवर शेजारी बसलेले असतात.

आता जानेवारी लागला की आम्ही दोघं शहरातल्या सगळ्या छतांवरच्या साईट्स फिरून येतो. पिवळी रेघ बघायची, डबल नट टाकायचा, गंज असेल तर क्लॅम्प बदलायचा. डिशभोवती लोखंडी जाळी बसवून द्या म्हणून बँकेकडे मी दरवर्षी कोटेशन पाठवतो आणि दरवर्षी उत्तर येतं की साईटवर एकही कम्प्लेंट नाही, खर्च मंजूर होत नाही. यावेळी कोटेशनसोबत त्या दिवशीचे दोन्ही रीडिंग जोडलेत, १९ आणि ३३, आणि मॅनेजर साहेबांना म्हटलंय की एकदा माझ्यासोबत छतावर या, समजावून सांगतो. येतो म्हणालेत.