हात पुढे कर

3 डिसेंबर म्हणजे गोंयच्या सायबाचं, संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू झाल्या की सावंतवाडीकडून, बेळगावकडून जुन्या गोव्याला चालत जाणारे जथे निघतात. आम्ही 25-30 जण 30 तारखेला दुपारी निघालो. पुढे झेंडूच्या माळा बांधलेला खुरीस (क्रूस), मागे सामानाचा टेम्पो, तोंडी रोझरी. बाकीचे नवस घेऊन निघाले होते, मी राग घेऊन.

ऑगस्टपर्यंत मी एका काजू कारखान्यात हिशेब लिहायचो. काजू फोडणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी. गर तुटला की पैसे कापायचे, आणि किती कापायचे ते शेठच्या मनावर. तीन महिने तो आकडा वाढवत गेला आणि वजाबाकी माझ्या हाताने होत गेली. एक दिवस सहन होईना. शेठला सगळ्यांदेखत बोललो, वही टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. त्यात माझं चुकलं असं आजही वाटत नाही. पण झोप गेली ती गेलीच. रात्री मनातल्या मनात शेठला उत्तरं देत पडायचं, दिवसा घरच्यांवर खेकसायचं. संत पौलाने लिहिलंय, तुमच्या रागावर सूर्य मावळू देऊ नका. माझ्या रागावर शंभरेक सूर्य मावळून गेले होते.

त्याच कारखान्यातली एक मावशी जथ्यात होती. बांद्याच्या मुक्कामापर्यंत मी तिला फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली. उन्हं चढल्यावर कोलवाळच्या पुलाअलीकडे एका घराच्या पडवीत पेज मिळाली. तिथे बरोबरच्या फादरांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचला. शब्बाथचा, म्हणजे काम वर्ज्य असलेला दिवस, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस, आणि येशू त्याला आज बरं करतो का, हे टपून बघणारे लोक. येशू विचारतो, आज जीव वाचवावा की घ्यावा? सगळे गप्प. मग तो त्या सगळ्यांकडे रागाने बघतो, त्यांच्या मनाचा दगड झालेला पाहून त्याचं मन दुखतं, आणि तो त्या माणसाला म्हणतो, हात पुढे कर.

लहानपणापासून मला जेरुसलेमच्या मंदिरातला येशू आवडायचा. दोऱ्यांचा कोरडा वळणारा, सराफांचे चौरंग पालथे करणारा. तसं बोलून दाखवल्यावर फादर म्हणाले, "पुढची ओळ वाचत जा." मत्तयने लिहिलंय, त्या सगळ्या उलथापालथीनंतर आंधळे-पांगळे तिथेच, मंदिरात, त्याच्याजवळ आले आणि त्याने त्यांना बरं केलं. इतका संतापलेला माणूस, तरी त्यांना त्याची भीती वाटली नाही! आणि योहान लिहितो, कबुतरं विकणाऱ्यांना त्याने 'ही इथून न्या' असं सांगितलं. कबुतरं हे गरिबाचं अर्पण. त्याच्या आईबापांनीही त्याच्यासाठी तेच वाहिलं होतं. पिंजरे भिरकावले असते तर आतल्या जिवांचं काय झालं असतं, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

समोर मावशी दोन्ही हातांत पेजेचा वाडगा धरून बसली होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. अंगठ्यांची आणि बोटांची टोकं काळी, त्यांना भेगा, उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पुसलेल्या. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही, हे मला त्या पडवीत कळलं. आणखी एक कळलं. मी वही आपटली तेव्हा ती नि आणखी एक बाई दाराशी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून दोघींना कामावर घेतलं नाही.

"तू शेठाक बोललंस ता बरा केलंस, झिला," ती म्हणाली. "पण मागसून माका कोणी इचारूक नाय, चूल कशी पेटता ती."

मला पेज गिळवेना.

2 तारखेला पणजीहून रायबंदरच्या बांधावर आलो. एका बाजूला मांडवी, पाय फोडांनी भरलेले. सायबाचं आयुष्य डोक्यात फिरत होतं. तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांना पोर्तुगीज अधिकारी नाडत होते, तेव्हा त्याने पत्रांतून संताप केला होता. आणि त्याच सायबाने 1546 साली पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मश्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं न्यायालय, मागितलं. ते 1560 मध्ये आलं आणि अडीचशे वर्षं राहिलं. त्या भीतीने किती कुटुंबांनी गोवा सोडला, हे आमच्या कोकणाला ठाऊक आहे. माझी सायबावर श्रद्धा आहे. म्हणूनच हे टोचतं, आणि ते टोचत राहावं असं मला वाटतं.

जुन्या गोव्याच्या बासिलिकेत, सायबाच्या चर्चमध्ये, रांग हळूहळू सरकली. उंचावर चांदीची पेटी, तिच्यात सायबाचा देह. सायबाचा उजवा हात मात्र त्यात नाही, 1614 साली तो रोमला नेला. मी पेटीकडे बघत शेठचं नाव घेतलं, ऑगस्टनंतर पहिल्यांदा शिवी न देता. तक्रार करायची नाही असं काही मनात आलं नाही.

बाहेर येऊन सावलीत बसलो, वही काढली. कुठला आठवडा, किती किलो, किती पैसे कापले. मावशीला सगळं तोंडपाठ होतं. तिने थांबत थांबत सांगितलं, मी लिहिलं. मध्ये चूल कशी पेटते तेही विचारलं, आणि ते ऐकायला हिशेबापेक्षा जास्त वेळ लागला. कामगार कार्यालयाच्या अर्जाखाली सही करणार की अंगठा, असं विचारलं.

"सय करतंय," म्हणाली, आणि पेनासाठी तिने हात पुढे केला.