सोळा गोळ्यांचं मॅगझीन

नेमबाजीच्या रेंजवर मी प्रशिक्षक आहे, त्यामुळे शस्त्रं रोजच हाताळतो. पण 'सर, हे जरा पारखून द्या' म्हणून कुणी पिस्तूल समोर ठेवलं की जबाबदारी वाढते. एप्रिल संपत आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत दहानंतर उघड्यावर उभं राहवत नाही, म्हणून भल्या सकाळीच सुरुवात केली. पिस्तूल होतं एका परवानाधारक शेतकरी भाऊंचं. सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी, आमच्याच क्लबची नेमबाज.

पॉइंट बावीसचं, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाचं, रिमफायर. "सोळा बसतात जी एका मॅगझीनात, अजून काय पायजे?" भाऊ म्हणाले.

रिमफायरचा पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेल्या कडेच्या आत असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते. काडतूस स्वस्त, धक्का नगण्य. नवशिक्याला याहून चांगलं काय हवं? पण मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीत, हीच कड आडवी येते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. जितक्या गोळ्या जास्त, तितक्या अडकण्याच्या जागा जास्त.

मी भरलेलं मॅगझीन सुरळीत रिकामं झालं. मुलीनं भरलेलं मात्र निम्म्यावर अडकलं. "काहून अडकून राह्यलं हे?" भाऊंचा चेहरा उतरला. मी तिला पुन्हा भरायला लावलं आणि फक्त तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. मॅगझीनच्या बाजूचं, आतली स्प्रिंग खाली ओढणारं बटण ती तळापर्यंत ओढायची आणि गोळ्या आत पटापट सोडायची. मोकळ्या जागेत गोळ्या तिरक्या होत होत्या, कडा मागेपुढे होत होत्या. बटण एका गोळीपुरतंच दाबायचं आणि प्रत्येक गोळी मागच्या भिंतीला टेकवून बसवायची, हे तिला दाखवलं. त्यानंतर तिचंही मॅगझीन अडलं नाही. पिस्तुलाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण ते त्या पिस्तुलावर अन्याय करणारं ठरलं असतं.

एक राउंड, म्हणजे एक काडतूस, उडालाच नाही. नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबलो, मग तो बाहेर काढला. कडेवर पिनेची खूण ठसठशीत होती, म्हणजे पिन ठीक, मसाला त्या जागी कमी. रिमफायरमध्ये हे अधूनमधून होतंच.

दुसरा शत्रू आमचा उन्हाळा. या गोळ्यांवर मेणाचा पातळ थर असतो. उन्हात तो मऊ होतो आणि काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते. भाऊंनी डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. तो मी आधी सावलीत आणला.

नेम चांगला लागत होता, पकडही मुलीच्या हाताला बसली. ट्रिगर मात्र जड. "मॅच खेळता येईल का हिला यानं?" या प्रश्नावर मी स्पष्ट नाही म्हणालो. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत पाच-पाच गोळ्यांच्याच मालिका असतात, तिथे सोळाचा काही उपयोग नाही. आणि ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम चालतं, म्हणून चांगले नेमबाज त्याच्या जवळपासच ठेवतात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो हाच. त्यासाठी घडवलेलं पिस्तूल वेगळंच असतं.

भाऊ जरा नाराज झाले. मी लिहून दिलं: हौसेच्या नेमबाजीला उत्तम, दर वेळी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) साफ करावं, दोन-तीन बनावटींची काडतुसं चालवून जी अडत नाहीत तीच घ्यावीत, आणि मुलीनं सध्या मॅगझीनमध्ये पाचच गोळ्या भराव्यात.