तुम्ही विचारलंत म्हणून: काळी आणि पांढरी, एकच कशी?

शाळांतून, वाचनालयांतून मी शंख-शिंपल्यांच्या स्लाइड दाखवत फिरते. शेवटची स्लाइड ठरलेली असते. डावीकडे काळीभोर गोगलगाय. तिच्या पायावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले, त्यांना लोखंडाची झिलई. उजवीकडे तशीच दुसरी, पण पांढुरकी, खवल्यांवर लोखंडाचा मागमूस नाही. दोघींच्या खाली एकच नाव: क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम. मग कोणीतरी हात वर करतंच. "बाई, एकीच्या अंगावर लोखंड, दुसरीच्या नाही, तरी जात एकच? ठरवलं कोणी?" तोवर सभागृहाची वेळ संपलेली असते. म्हणून उत्तर इथे.

('जात' म्हटलं की सभागृहात थोडी चुळबूळ होते. आपल्या परिभाषेत 'जाती' म्हणजे स्पीशीज, 'वंश' म्हणजे जीनस. मी तेच शब्द वापरते, नाइलाज आहे.)

ही हिंदी महासागरात राहते, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० ते २,९०० मीटर खाली. तिथे तळाला भेगा आहेत. त्यांतून तापलेलं, खनिजांनी भरलेलं पाणी उसळत असतं. २००० साली जपान्यांनी तिथला 'कैरेई' हा झरा शोधला आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकी मोहिमेला त्या झऱ्याशी ही सापडली. शंख मोठ्यात मोठा साडेचार सेंटिमीटर. शंखाच्या बाहेरच्या थरात आणि खवल्यांत लोह सल्फाइड, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. सांगाड्यासाठी हे खनिज वापरणारा दुसरा प्राणी अजून माहीत नाही. त्यातलं एक खनिज चुंबकाला चिकटतं, हे मुलांना सांगितलं की पुढची पाच मिनिटं माझं कोणी ऐकत नाही.

पांढरी सापडली २००९ मध्ये, 'सॉलिटेअर' नावाच्या झऱ्यावर. कैरेईपासून सातशेहून जास्त किलोमीटर दूर. आता समजा, तुमच्यापुढे दोन्ही बशीत ठेवल्या. तुम्ही काय बघाल? रंग. मीही आधी रंगच बघितला असता. पण वर्गीकरण करणारा माणूस रंगाकडे जरा संशयानेच बघतो. तो शंखाची वेटोळी मोजतो, तोंडावरचं झाकण तपासतो. मग रॅड्युला, म्हणजे गोगलगायीची किसणीसारखी जीभ, काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. तिच्यावरचे दात कसे रांगेत बसलेत, मधला दात कसा आहे, कडेचे किती, यावरून घराणं कळतं. मग शरीर उघडून आतले अवयव. मग डीएनए. या सगळ्यात काळी आणि पांढरी जुळल्या. वेगळं होतं ते फक्त लोखंड.

ते का वेगळं, याचं उत्तर गोगलगायीत अर्धंच आहे. खवल्यांच्या आत बारीक नळ्यांसारखी रचना असते, त्यांतून गंधक बाहेर येतं आणि झऱ्याच्या पाण्यातलं लोह त्याला भेटलं की लोह सल्फाइड तयार होतं. गंधक तिचं, लोह पाण्याचं. सॉलिटेअरच्या पाण्यात लोह फार थोडं, म्हणून तिथली पांढरी राहिली. आमच्याकडे चिरेखाणीत राबणाऱ्याचे कपडे लाल होतात, त्यामुळे त्याचं कूळ बदलत नाही, इतकंच.

मात्र सगळे झरे डीएनएनेही अगदी सारखे निघाले नाहीत. कैरेईपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या 'लाँगची' झऱ्यावरची गोगलगाय काळीच, कैरेईसारखी. पण तिची आणि मध्य हिंदी महासागरातल्या, म्हणजे कैरेई-सॉलिटेअरच्या, भावंडांची ये-जा जवळजवळ तुटलेली दिसते. दिसायला वेगळ्या त्या रक्ताने जवळच्या आणि दिसायला सारखी ती जरा लांबची! तरी तिन्ही ठिकाणच्या एकाच जातीत ठेवल्या, कारण आतला फरक जाती वेगळी म्हणण्याएवढा नाही. ही रेघ कुठे ओढायची यावर शास्त्रज्ञ भांडतात, भांडायलाच हवं.

खवल्यांनी तर मोठमोठ्यांना चकवलं. अशा चिलखताचे प्राणी सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन काळाच्या जीवाश्मांत सापडतात, आणि कायटन नावाच्या, खडकाला चिकटणाऱ्या मृदुकाय प्राण्याच्या पाठीवरही पट्ट्या असतात. मग ही त्या पुरातन मंडळींची शेवटची वारस तर नव्हे? नव्हे. तिचं कुळ पेल्टोस्पिरिडी, आणि त्या कुळात बाकी कोणाच्या पायावर असे खवले नाहीत. हे चिलखत तिने मागाहून, स्वतःचं स्वतः मिळवलं. सगळ्यात नजरेत भरणारी खूण नातं सांगायच्या कामी आली नाही, म्हणून तर मी ही स्लाइड शेवटी ठेवते.

"ठरवलं कोणी?" हा प्रश्न उरला. कोणी एक न्यायाधीश नसतो. आधी तिला नुसतं 'स्केली-फूट', खवलेपायी, म्हणत. २००३ मध्ये तिच्यावर लेख आला, जगभर चर्चा झाली, तरी रीतसर नाव नव्हतं. नाव लागतं ते वर्णन छापून आणि एक नमुना 'हाच तो' म्हणून संग्रहालयात ठेवून. त्याला होलोटाइप म्हणतात. हे २०१५ मध्ये चोंग चेन, काट्रिन लिन्से, जोनाथन कॉप्ली आणि ॲलेक्स रॉजर्स यांनी केलं. नमुना लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, आणि तो कैरेईचा नाही, लाँगचीचा आहे. पटत नसेल तर जाऊन बघा, वेगळं मत छापा. सापडण्यापासून नाव लागेपर्यंत चौदा वर्षं गेली.

चौदा वर्षं ऐकून लोक हसतात. पण बिननावाच्या प्राण्याला रीतसर धोक्यात आलेला कसं म्हणणार? नाव आलं आणि चार वर्षांत, २०१९ मध्ये, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत ती 'संकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ही पहिली जाती. या झऱ्यांभोवती तांबं, जस्त, सोनं साठतं, आणि ते सगळ्यांना हवं असतं. भारतालाही. हिंदी महासागराच्या तळाच्या डोंगररांगांत १०,००० चौरस किलोमीटरवर अशा सल्फाइडचा शोध घ्यायचा करार आपण २०१६ मध्ये केला, आणि ते काम गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. म्हणजे ही गोष्ट वाटते तेवढी लांबची नाही.

मुलांना हे सगळं कळावं म्हणून मी सोबत एक डबा नेते. आपल्या किनाऱ्यावर वाळूत ढिगाने मिळणारे, शर्टाच्या बटणाएवढे चपटे, गुळगुळीत शंख. करडे, गुलाबी, पिवळे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. ते टेबलावर ओतते आणि म्हणते, जाती वेगळ्या करा. मुलं भराभर रंगाने ढीग लावतात, कोणी सहा, कोणी नऊ. सगळे एकाच जातीचे, अम्बोनियम व्हेस्टिएरियम. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी सातवीतल्या एका मुलीने ढीग लावायला घेतलाच नाही. ती एकेक शंख उलटा करून खालची बाजू बघत बसली. बाकीच्यांचं आटोपलं, घंटा झाली, तिची रांग अर्धीच लागली होती. मी डबा तिथेच ठेवून आले.