प्लेऑफची शिट्टी कुणाच्या हाती?

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ (शेवटच्या बाद फेऱ्या) लागले की मी आधी पंचांची यादी बघते. पहिल्या फेरीला साधारण 36 जण घेतात, मग संघांसारखीच त्यांचीही गळती सुरू होते. फायनलपर्यंत उरतात 12. बघतात काय? वरिष्ठांनी दिलेले गुण, निर्णयांची अचूकता आणि संघांनी पंचांचा लावलेला क्रम. हे शेवटचं मला खटकतं. ज्याच्याविरुद्ध शिट्टी वाजवायची, त्याचंच मत पंचाच्या बढतीत कशाला? पण दर फेरीनंतर नव्याने पारख होते, हे मात्र अगदी रास्त. बास्केटखाली दोघं धडकतात. बचाव करणारा वेळेत जागेवर आला होता का, हे पंचाला क्षणात ठरवायचं असतं. तिथे जुनी पुण्याई कामाची नाही.